खडीसाखर अन्नात मोडत नाही

३ ऑगस्ट, रविवार

आजपासून रोजनिशी. शिस्त आधी स्वतःला, मग पोरीला. गेल्या वर्षीची वही दोन पानांवर थांबली, कारण वहीच लहान होती. ही मोठी आणलीय.

परिस्थिती अशी. सौम्या आठ वर्षांची, तिसरीत. एडीएचडी आहे. म्हणजे लक्ष एका जागी टिकत नाही आणि बूडही. जूनपासून बेळगावच्या डॉक्टरांची गोळी चालू आहे, रोज सकाळी एक. फरक लई आहे. परवा टीचरनी वहीत कन्नडमध्ये लिहिलं, तुंबा चन्नागिदे. लई छान म्हणे! दोन वर्षांत पहिल्यांदा लाल पेनानं काहीतरी बरं आलं. शाळेच्या लायब्ररीतलं हत्तीच्या पिलाचं पुस्तक वाचतेय, एकेचाळीस पानं झाली. पूर्वी चित्र बघायची आणि पुस्तकावर उभी राहायची.

आप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, गोळी पसंत नाही. पोरगी हाय, हुंदडणारच, तेला गोळी कशाला रं, म्हणतात.

डॉक्टरांनी दोन गोष्टी सांगितल्यात. एक, गोळीनं तोंड सुकतं, म्हणून पाणी देत राहा आणि दोन्ही वेळा ब्रश करताना शेजारी मोठं माणूस उभं पाहिजे. दोन, काही चांगलं केलं की लगेच बक्षीस, स्टिकर वगैरे. पूर्णिमा म्हणाली, शाळा मी बघतो, गोळी मी बघतो, दात तेवढे तुम्ही बघा. लग्नाला अकरा वर्षं झाली, बायकोनं पहिल्यांदाच एक अख्खं खातं दिलं.

घराखालीच माझं ऑनलाइन सेंटर. दिवसाला साठ लोकांचे फॉर्म भरतो, कन्नडमध्ये, मराठीत, पाहिजे त्यात. त्यापुढं एका पोरीचे दात म्हणजे किस झाड की पत्ती. एक्सेलमध्ये चार्ट केला. सकाळ निळी, रात्र केशरी. लॅमिनेट केला. दुपारी साडेतीनपर्यंत तेच केलं. ब्रश उद्यापासून.

५ ऑगस्ट, मंगळवार

सकाळचा ब्रश, अकरा सेकंद. पेस्ट आरशावर, नळावर, माझ्या शर्टावर. दातावर किती ते कळलं नाही.

रात्रीच्या ब्रशवर मात्र नीट विचार केला. आम्हा जैनांत दिवस मावळल्यावर खात नाहीत. आप्पांचा नेम, त्यांच्या वडिलांचाही होता. साडेसहाला जेवण, मग चूळ, मग चूल बंद. ज्या तोंडात रात्री काही जातच नाही, ते रात्री घासायचं कशाला? बाकी लोकांना गरज असेल. बेळगावच्या डॉक्टरांना आमच्यातलं माहीत नसणार. चार्टवर महिनाभराच्या रात्रीच्या खुणा आजच करून टाकल्या. वेळ वाचला.

८ ऑगस्ट, शुक्रवार

स्टिकर संपले. सौम्यानं सगळे स्कॅनरच्या काचेवर चिकटवले. यमगर्णीच्या एका पाटलांच्या उताऱ्यावर फुलपाखरू आलं. त्यांनी काही विचारलं नाही, घेऊन गेले.

संध्याकाळी सात ते साडेआठ ती खाली माझ्याजवळ होमवर्कला बसते. तोवर सकाळच्या गोळीचा असर उतरलेला असतो. एक बेरीज, एक उडी. एक बेरीज, एक फेरी. मग माझ्या डोक्यात आलं, स्टिकर काय आणि दुसरं काय, बक्षीस ते बक्षीस. खिशात खडीसाखर होती. एका गणिताला एक खडा. वीस मिनिटांत नऊ गणितं! बेळगावच्या डॉक्टरांना कळवायला पाहिजे.

रात्री खाण्याचा प्रश्न मी तिथल्या तिथं सोडवला. अन्न म्हणजे ज्याला चूल लागते ते. खडीसाखरेला आमच्या घरात चूल लागलेली नाही. शिवाय आप्पा स्वतः खोकल्याला खडीसाखर घेतात, म्हणजे ते औषध झालं. दिवसा घेतात ही गोष्ट वेगळी. खोकला काय घड्याळ बघून येतो?

सौम्याला म्हटलं, आप्पांना आणि मम्मीला सांगायचं नाही. तिनं विचारलं, औषध हाय तर मग का सांगायचं न्हाय? मी म्हटलं, दहावं गणित कर.

१४ ऑगस्ट, गुरुवार

प्रिंटरमध्ये मुंग्या. एका जातीच्या दाखल्यावर तीन मुंग्या छापून निघाल्या. खडीसाखर टोनरच्या रिकाम्या खोक्यात ठेवतो, त्याचा परिणाम. आता डबा आणणार, घट्ट झाकणाचा.

ती खाते तेव्हा मीही एखादा घेतो. पोरीला एकटं वाटू नये म्हणून. माझी उजवी दाढ जरा ठणकते. हवेनं असेल.

१९ ऑगस्ट, मंगळवार

डबा आणायचा राहिला.

सौम्याच्या खालच्या डाव्या दाढेत कळ. शाळेतून फोन आला. मोबाइलचा टॉर्च लावून बघितलं. मागची दाढ काळी, मधोमध खड्डा. पूर्णिमा घाबरली. मी शांत होतो. आठ वर्षांच्या पोरीची दाढ म्हणजे दुधाची दाढ, आज ना उद्या पडणार. सौम्याला सांगितलं, पडू दे, नवी येईल, हिच्यापेक्षा पांढरी. खूश झाली.

२१ ऑगस्ट, गुरुवार

पूर्णिमानं ऐकलं नाही. निपाणीतच डॉ. माधवींकडं नेलं. सौम्यानं खुर्ची सात वेळा वरखाली केली, आठव्या वेळी डॉक्टरच खुर्चीत होत्या.

निष्पन्न असं. ती दाढ दुधाची नाही. सहाव्या वर्षी येते ती कायमची दाढ, मागं गुपचूप येते, पुष्कळ आईबाप फसतात म्हणाल्या. पुष्कळ हा शब्द ऐकून बरं वाटलं. ही गेली तर दुसरी येत नाही. कीड खोल गेलीय, तरी दोन-तीन वेळा येऊन वीस-वीस मिनिटं शांत बसली तर वाचवता येईल. बाकीच्या तीन दाढांनाही सुरुवात आहे.

मग त्यांनी विचारलं, रात्री काही गोड खाते का? पूर्णिमा ताठ झाली. म्हणाली, आमच्यात दिवस मावळल्यावर पाण्याशिवाय काही न्हाय डॉक्टर, तीन पिढ्या. डॉक्टरांनी माझ्याकडं बघितलं. मी भिंतीवरच्या पोस्टरकडं बघितलं. जबड्याचं पोस्टर होतं, माहितीपूर्ण.

मग गोळीचं निघालं. त्या म्हणाल्या, आधीची बारीक कीड तोंड सुकून वाढू शकते, पण एवढी एवढ्यात कशी, मला कोडंच आहे. तुमच्या बेळगावच्या डॉक्टरांशी बोला, आपल्या मनानं गोळी बंद करू नका.

घरी येईपर्यंत एवढ्या मोठ्या वाक्यातलं फक्त गोळी आणि कीड राहिलं. आप्पा म्हणाले, मी काय सांगत हुतो? बेळगावची तारीख नऊ सप्टेंबरची मिळाली. तोवर गोळी बंद. माझं मत कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर सांगितलं असतं.

२३ ऑगस्ट, शनिवार

आज सांगायचंच, असं ठरवून उठलो. मजकूर तयार केला, टाइप करून प्रिंट काढली, दोन प्रती. सकाळी आप्पा बस्तीत, म्हणजे आमच्या मंदिरात, गेलते. दुपारी पूर्णिमाचा मूड बरा नव्हता. संध्याकाळी तिचा मूड बरा होता, मग तो घालवायचं जिवावर आलं.

२६ ऑगस्ट, मंगळवार

गोळी बंद होऊन पाचवा दिवस. सौम्या शाळेच्या जिन्याच्या कठड्यावरून घसरत आली आणि कपाळावर टेंगूळ घेऊन आली. वहीत पुन्हा लाल पेन, तुंबा हा शब्द तोच, पुढचे शब्द वेगळे. हत्तीचं पुस्तक एकेचाळीसवरच आहे. म्हणते, पप्पा, अक्षरं थांबत न्हाईत.

खडीसाखर पूर्ण बंद करायचा निर्णय मी सकाळी नऊला घेतला. संध्याकाळी साडेसातला ती टेबलाखाली, वही पंख्यावर. वही पंख्यावर कशी गेली ते अजून कळलेलं नाही. एका गणिताला आता तीन खडे लागतात. मी अर्धे-अर्धे तुकडे करून देतो, म्हणजे कमीच झालं.

आप्पा टेंगूळ बघून म्हणाले, गोळीचं विष उतरालंय, म्हणून पोरगी खेळालीय. माझी दाढ आज जोरात ठणकली.

२८ ऑगस्ट, गुरुवार

दशलक्षण पर्व सुरू. दहा दिवस, रोज एक धर्म, म्हणजे एक गुण. मनोबल वाढावं म्हणून मी एकाशन धरलं, दिवसातून एकदाच जेवण. चार वाजेपर्यंत उत्तम पाळलं. चारला एक गिऱ्हाईक पेढे घेऊन आलं, पोरगीला नोकरी लागली म्हणून. त्यांचा मान राखला.

पाचवा दिवस उत्तम सत्याचा, सोमवार, एक तारीख. माझं सांगणं त्या दिवशी. मुहूर्त याला म्हणतात. तोवर चार दिवस डोक्याला ताप नाही.

१ सप्टेंबर, सोमवार. सकाळी ६.१०

आज.

१ सप्टेंबर, रात्री ८

सकाळी बस्तीत सत्यावर दीड तास प्रवचन. मी पहिल्या रांगेत होतो. परत येताना आप्पांबरोबर चालत होतो, दोघंच. आप्पा, म्हटलं. ते म्हणाले, काय रं? मी म्हटलं, ऊन वाढलंय. ते म्हणाले, व्हय, वाढलंय.

दुपारी सर्व्हर डाऊन. चौदा माणसं रांगेत. अशा वातावरणात सत्य सांगणं बरोबर नाही, घाईत उच्चारलेलं सत्य अर्धवट राहतं. संध्याकाळी माझा गाल सुजला, शब्द नीट उमटेनात. हा संकेतच समजलो.

४ सप्टेंबर, गुरुवार

डॉ. माधवींकडं पहिली बैठक. वीस मिनिटं पाहिजे होती. सौम्यानं चार दिली. ती प्रयत्न करत होती, हे मला दिसत होतं. दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसलीती. पण पाय निघाले, मग हात निघाले, मग डॉक्टरांच्या हातातलं हत्यार थोडक्यात वाचलं. डॉक्टरांनी हातमोजे काढले. म्हणाल्या, अशानं इजा होईल. पंधराला बघू. तेव्हाही बसली नाही तर काढावी लागेल, नाहीतर बेळगावला भूल देऊन करावं लागेल, आणि तोवर दाढ थांबेल का याची खात्री नाही.

खाली उतरल्यावर सौम्या रडली. बस म्हटलं की मला बसायचंच असतंय, म्हणाली, पण बसत न्हाय मी.

मला लई वाईट वाटलं. घरी येऊन दोन मिनिटांचं वाळूचं घड्याळ ऑर्डर केलं. चार केली, चार रंगांची.

८ सप्टेंबर, सोमवार. क्षमावाणी

झालं! सांगून टाकलं!

आज सगळ्यांनी सगळ्यांची क्षमा मागायचा दिवस. मोबाइलवर मेसेज तयार केला. गेल्या वर्षभरात जाणता-अजाणता, मनानं, वाचेनं, कायेनं आपलं मन दुखावलं असल्यास उत्तम क्षमा. दरवर्षी एवढाच असतो. यंदा मी माझ्या हातानं एक ओळ वाढवली, दिवसा वा रात्री, कोणत्याही पदार्थाच्या निमित्तानं. दोनशे चौदा जणांना पाठवला. त्यात पूर्णिमा, आप्पा, डॉ. माधवी, बेळगावचे डॉक्टर, गॅसवाला. डॉ. माधवींचे हात जोडलेले उलट आले. पूर्णिमानं अंगठा पाठवला. आप्पांच्या दोन निळ्या खुणा आल्या, म्हणजे वाचलं.

यापेक्षा स्पष्ट काय लिहायचं? आता समजून घेणं त्यांच्याकडं. फार हलकं वाटलं.

संध्याकाळी आप्पा स्वतः खाली आले. सत्तर वर्षांचा माणूस माझ्यापुढं हात जोडून उभा राहिला. म्हणाले, अतुल, गोळीवरनं तुला टाकून बोललो, क्षमा कर रं. मी म्हटलं, आप्पा, असू दे. खडीसाखरेच्या खोक्यावर पाय ठेवून उभा होतो.

९ सप्टेंबर, मंगळवार

बेळगाव. कारमध्ये आप्पा पुढं, आम्ही तिघं मागं, भाड्याचा ड्रायव्हर. सौम्यानं संकेश्वरपर्यंत काच अठरा वेळा खाली-वर केली.

डॉक्टरांनी सगळं शांतपणे ऐकलं. पूर्णिमानं पुन्हा तेच सांगितलं, दिवस मावळल्यावर काही न्हाय. आप्पांनी मान हलवली. डॉक्टर म्हणाले, तुम्ही म्हणता तसं रात्री काहीच जात नसेल तर गोळीचा पुन्हा विचार करायला पाहिजे. बंद ठेवून बघू, दुसरं काही सुचतंय का पाहतो. पेन उचललं. मी सांगणारच होतो. माझं तोंड उघडलेलं होतं.

सौम्या खुर्चीवर उभी राहिली. म्हणाली, मी खातो. खडीसाखर. रोज रात्री. पप्पांच्या दुकानातल्या खोक्यातली, चोरून. पप्पांना म्हाईत न्हाय.

पूर्णिमानं तिचा दंड धरला, इतका घट्ट की बोटं उमटली. डॉक्टर म्हणाले, ओरडू नका, खरं सांगितलं हे बरं झालं, कोडं सुटलं. गोळी उद्यापासून चालू करा. खडीसाखर बंद. रात्री ब्रश, शेजारी उभं राहून. मग मला विचारलं, तुमच्या दुकानात खोकं असतं आणि तुमच्या लक्षात आलं नाही? मी म्हटलं, कामाचा फार लोड असतो.

परत निघालो. काकती गेलं, तेव्हा मी घसा साफ केला. पूर्णिमानं पाण्याची बाटली दिली. संकेश्वरलाही सांगता आलं असतं, पण ड्रायव्हर परका माणूस.

घरी आल्यावर आप्पांनी सौम्याला समोर बसवलं. मारलं नाही, रागावले नाहीत. म्हणाले, नेम मोडलाय, आता वर्षभर गोड सोडायचं. तिनं हात जोडून व्हय म्हटलं. स्वतः आप्पांनी दोन उपास धरले, घरात मोठा मी, दोष माझा म्हणून. त्यांना बीपी आहे.

११ सप्टेंबर, गुरुवार

गोळीचा दुसरा दिवस. सौम्या जागेवर बसते. पूर्णिमा तिच्याशी कामापुरतं बोलते. चोरटी, असा शब्द आज एकदा कानावर आला. आप्पांचा दुसरा उपास. मी भिंतीला टेकून उभा होतो.

उद्या सांगतो. पण मग दाढेचं होऊन जाऊ दे आधी, डॉक्टरांकडं जाताना घरात तणाव नको.

१५ सप्टेंबर, सोमवार

सौम्या अठ्ठावीस मिनिटं बसली. हलली नाही. पूर्णिमा आत होती, मी बाहेर. दोघांना आत सोडतात, मी म्हटलं एकच बरं.

डॉ. माधवी बाहेर आल्या तेव्हा कळलं. मुळापर्यंत पू गेलता. लई प्रयत्न केला, काही धरेना. काढली. म्हणाल्या, दोन आठवड्यांपूर्वी अशी बसली असती तर वाचली असती हो. हे त्यांनी पूर्णिमाकडं बघून म्हटलं. पूर्णिमानं सौम्याकडं बघितलं. सौम्या कापूस चावत खाली फरशीकडं बघत होती.

रस्त्यात तिनं माझी बाही ओढली. तोंडात कापूस, म्हणून बोटांनी विचारलं, नवी कधी? मी म्हटलं, बघू.

१६ सप्टेंबर, मंगळवार

रात्री झोप नाही. माझ्या दाढेचं कारण नव्हतं.

सांगितलं. प्रिंट नाही, मुहूर्त नाही. सकाळी आप्पा पेपर वाचत होते, पूर्णिमा मेथी निवडत होती. म्हटलं, खडीसाखर मी देत होतो. मीच आणली, मीच तिला गप्प राहायला सांगितलं. पोरीनं काही चोरलेलं नाही. एक मिनिटसुद्धा लागलं नाही.

आप्पांनी पेपर खाली ठेवला. मग उठून माझ्या पाठीवर हात ठेवला. उभ्या आयुष्यात ठेवला नव्हता. म्हणाले, बापाचं मन हाय तुझं, अतुल. मला वाटलं नव्हतं. पण पोरीची चूक अशी अंगावर घेऊ नको, तिला वळण लागायचं न्हाय.

मी म्हटलं, आप्पा, खरंच मीच. दुकान सांगितलं, तारीख सांगितली, आठ ऑगस्ट, नऊ गणितं. पूर्णिमाच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाली, कधी कशाची तारीख ध्यानात राहत न्हाय तुम्हाला, आणि पोरीसाठी एवढं सगळं पाठ केलं व्हय? तीन वेळा सांगितलं. तिसऱ्या वेळी आप्पा म्हणाले, पुरे आता, कळलं.

साक्षीदार एकच. खाली गेलो. सौम्या सेंटरमध्ये वही घेऊन बसलीती. म्हटलं, चल वर, खरं काय ते सांग, माझं ऐकत नाहीत. तिनं मान हलवली. म्हणाली, नको पप्पा. माझ्यावर रागवून झालंय त्यांचं. आता परत तुमच्यावर सुरू करतील. मला बोलणी खायची सवय हाय, तुम्हाला न्हाय.

वरून पूर्णिमानं हाक मारली. माझ्यासाठी शिरा केलाय, गरम हाय तोवर या म्हणाली. गेलो. सौम्याला वर्षभर गोड नाही, म्हणून ती खालीच थांबली.